इंजिन गार होईपर्यंत

वनमालाला छोटा ट्रॅक्टर हवा होता. तिची सीताफळाची बाग दोन एकरांची. झाडं आता इतकी पसरली होती की भावाचा मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरला की फांद्या मोडायच्या. पूर्वी बैलजोडी भाड्याने मिळायची, तेव्हा अडत नव्हतं. पण दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जायचं, बैलंही गाड्यांना जुंपून जायची, आणि मग होळीपर्यंत गल्लीत कुलपं आणि म्हातारी माणसं तेवढी उरायची. म्हणून तिने पाटोद्याच्या सटवा मिस्त्रीला सांगून ठेवलं होतं, जुना का असेना, बागेत चालणारा लहान ट्रॅक्टर कुठे विकायला निघाला तर कळव.

मार्गशीर्षात त्याचा फोन आला. एक आहे म्हणाला, जपानी इंजिनाचा, लई जुना, पण ज्याचा होता त्याने जपून वापरलेला. मालक मागच्या साली वारला, आता त्याची बायको विकायली आहे.

“कुठं?” वनमालाने विचारलं.

“लिंबागणेशच्या म्होरं, शेतातच घर हाय. सुंदरराव म्हनून व्हते.”

फोन कट झाला की काय म्हणून सटवाने दोनदा हॅलो हॅलो केलं. तो तिशीतला पोरगा. सुंदरराव हे वनमालाच्या नवऱ्याचं नाव, हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. गावातल्याही अर्ध्या लोकांना आता ते आठवत नसेल.

लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. चार वर्षं नांदली, मूल झालं नाही. पाचव्या वर्षी पंचमीला सुंदररावांनी तिला माहेरी आणून सोडलं. चहा घेतला, तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या पाया पडले आणि गेले. पंचमी झाली, पोळा झाला, न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी कळलं की त्यांनी दुसरी बायको केली. आप्पा एकदा लिंबागणेशला जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त पुढे जमीन वाटताना दोन एकर तिच्या नावावर केले, आणि तो विषय घरात संपला. कोर्टात कुणी गेलं नाही. त्यामुळे काडीमोड झाला नाही, आणि नांदणंही नाही. गळ्यात डोरलं तेवढं राहिलं.

मागच्या साली तुरी काढायच्या दिवसांत तिचा भाऊ अर्जुनराव बाजारातून बातमी घेऊन आला. तोवर सुंदररावांचा दहावाही होऊन गेला होता. वनमाला बागेत छाटणी करत होती. तिने ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि हातातलं झाड अर्धं राहिलं होतं ते पुरं केलं. सांजेला डोरलं काढून डाळीच्या डब्यात ठेवलं. भेटायला कुणी आलं नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या दारात तो मेल्यावर बसायला जावं का, हे कुणाला ठरवता आलं नसावं. आणि जाऊन बोलायचं तरी काय? भावजय दोन दिवस जरा हळू आवाजात बोलली, मग तीही नेहमीसारखी बोलायला लागली.

सटवा चौसाळ्याला एका कामात अडकला होता. दोन दिवस दम धरा, मी संगं येतो, म्हणाला. वनमाला म्हणाली, आधी मी बघून येते, पसंत पडला तर तू ये. मग त्याने तिला फोनवरच सगळं समजावून सांगितलं. ट्रॅक्टर तिला चालवता येत होता, भावाच्या मळणीला तीच असायची. पण विकत घ्यायच्या नजरेने तिने कधी बघितला नव्हता. सटवाने पुन्हा पुन्हा एकच बजावलं, की गेल्या गेल्या इंजिनाला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं, थंडीत चालू होत नाही म्हणून विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलंय. मग चहासुद्धा न घेता माघारी फिरायचं.

सकाळच्या एसटीने ती निघाली. भावाला सांगितलं ट्रॅक्टर बघायला चालले. कुणाचा ते त्याने विचारलं नाही.

गाडीत ती खिडकीशी बसली होती. आपण ट्रॅक्टर बघायलाच चाललोय, असं ती स्वतःला सांगत होती आणि ते खोटंही नव्हतं. पण तसे ट्रॅक्टर पाटोद्याच्या आसपासही दोन-चार निघाले असते. तिला ते घर बघायचं होतं. आणि ती बाई. इतकी वर्षं तिच्या मनात सुरेखा म्हणजे एक उंच, गोरी, ठसक्यात चालणारी बाई होती. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की नाव सुरेखा आहे आणि एक मुलगी झाली आहे. बाकीची सुरेखा वनमालाने आपल्या मनानेच उभी केली होती.

लिंबागणेशला उतरून ती रिक्षाने पुढे गेली. ती नांदली ते घर गावात होतं. रिक्षा गावाला वळसा घालून शिवारात आली आणि एका लिंबापाशी थांबली. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे पत्र्याचं शेड. ओळखीचं काहीच नव्हतं. आपण इथे येऊन घाबरू, रडू, राग येईल, असं काय काय तिने वाटेत धरलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. परक्या दारात उभं राहावं तशी ती उभी राहिली.

घरातून जी बाई आली ती बुटकी होती. गुडघ्यावर हात ठेवून पायरी उतरली. केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. पदराला हात पुसत म्हणाली, “सटवा मिस्त्रीचा फोन आलता. या, आक्का. पानी घ्या आधी.”

वनमालाने पाणी घेतलं. नाव तिने विचारलं नाही आणि वनमालाने सांगितलं नाही.

ट्रॅक्टर शेडमध्ये होता. लाल रंग विटून गुलाबी झालेला, बोनेटवरची अक्षरं पुसलेली, पण धूळ कुठेही नव्हती. कंबरेच्या वर जेमतेम येणारं ते यंत्र बघून वनमालाला पहिल्यांदा खरंच ट्रॅक्टरचा विचार आला. हे आपल्या ओळीतून नीट जाईल. मागे माती भुसभुशीत करायचा लहान रोटर जोडलेला होता. सटवाने सांगितल्याप्रमाणे तिने आधी इंजिनावर तळहात ठेवला.

इंजिन गरम होतं.

तिने हात काढून घेतला. खांद्यावरची पिशवी नीट केली. “आधी चालू केलता का?”

“सकाळी केलता.” सुरेखाचा चेहरा उतरला.

“मी येनार म्हनून?”

“न्हाई ओ. रोजच करते.”

विकणारी बाई दुसरं काय सांगणार, असं वनमालाला वाटलं. सटवाचं ऐकायचं तर इथूनच रिक्षा गाठायची होती. तिने लिंबाकडे, रस्त्याकडे बघितलं, मग म्हणाली की गार इंजिन बघितल्याशिवाय मला काही सांगता यायचं नाही. पूर्ण गार होऊ द्या. मी थांबते.

सुरेखाचा चेहरा एकदम बदलला. एवढा वेळ थांबावं लागेल म्हणून ती कानकोंडी होईल असं वनमालाला वाटलं होतं, पण तिला उलट आनंदच झाला. “बसा की मग. भाकरी टाकते. दुपारपोतर गार व्हईल.”

ती आत गेली आणि वनमाला शेडमध्ये एकटी राहिली. ज्याला गार इंजिन लागतं तेवढं सोडून बाकीचं बघायला हरकत नव्हती. तिने पुढच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून हलवलं. चाक खिळखिळ वाजलं, पुढच्या एक्सलच्या पिना झिजल्या होत्या. स्टेअरिंग वळवलं तर बोटभर नुसतंच फिरायचं आणि मग चाक हलायचं. मागचे टायर नवे नव्हते, पण चिरा नव्हत्या. खाली वाकून बघितलं, जमिनीवर तेलाचा एक थेंब नव्हता. सीट कधीतरी फाटली असणार. त्यावर गोणपाट बेतून, शिवून, चारी बाजूंनी दोरीने ओढून बसवलेलं होतं. खालच्या पेटीत पाने होते. एकेक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

ती तो गुंडाळलेला पाना हातात धरून बराच वेळ उभी राहिली. तिला आठवणारे सुंदरराव नांगर पावसात टाकून यायचे. कुऱ्हाड कुठे ठेवली ते त्यांना कधी सापडायचं नाही. विहिरीवरची मोट सुटली तर ती वनमालानेच बांधायची. सुरेखा चहा घेऊन आली तेव्हा तिने विचारलं, हे एवढं कोण निगुतीनं ठेवतं?

“त्येच. सांजेला धुतल्याबिगर घरात यायचे न्हाईत. मी म्हनायची, एवढी निगा माझी ठेवा. तर हसायचे.”

वनमालाने पाना पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. ती ज्या माणसावर एवढी वर्षं रागावून होती तो तेवीस-चोवीस वर्षांचा एक धसमुसळा पोरगा होता. इथे राहून गेलेला माणूस तिला माहीतच नव्हता. तो शहाणा झाला होता, निगा ठेवायला शिकला होता, हसत होता. ते सगळं त्याने इथे केलं. तिला वाटलं होतं आपण आपलं काहीतरी हरवलेलं बघायला जातोय. इथे तर तिचं काहीच नव्हतं.

जेवायला दोघी पडवीत बसल्या. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, हरभऱ्याची भाजी. सुरेखा वाढताना बोलत होती, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना. बोलायला माणूस मिळत नसेल, हे वनमालाच्या लक्षात आलं. तिची स्वतःचीही तीच गत होती. कुणी आलं की आधी शब्द सापडायचे नाहीत, आणि मग एकदम फार सापडायचे.

मुलगी राजनंदिनी पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती. आई, तू हिकडं ये, एकटी नको राहू, म्हणून रोज फोन करायची. शेत बटईने, निम्म्या वाट्यावर दिलं होतं. बटईदार मोठ्या ट्रॅक्टरने करतो, त्याला हा खेळण्यातला ट्रॅक्टर नको. कागद मुलीच्या नावावर करून झालेत, त्यात काही भानगड नाही. आतापर्यंत तीन-चार जण बघून गेले. इंजिनाला हात लावला की तोंड वाकडं करून निघून जायचे.

“मग कावून चालू करता रोज?” वनमालाने विचारलं. “विकायचाय तर गार ठेवायचा.”

सुरेखाने हातातला घास ताटात ठेवला.

ती सांगू लागली ते असं. त्या दिवशी दुपारी सुंदरराव तुरीच्या बाजूला रोटर मारायला गेले होते. सुरेखा इथेच पडवीत शेंगा फोडत बसली होती. ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आवाज येतोय म्हणजे काम चाललंय. तिने शेंगा फोडल्या, भांडी घासली, चहा टाकला. आवाज येतच होता. चहा तयार झाला तेव्हा तिला वाटलं, आवाज एकाच जागेवरून येतोय. पुढे जात नाही, मागे येत नाही. ती गेली तेव्हा ते खाली सरीत पडलेले होते आणि ट्रॅक्टर उभ्या उभ्या चालू होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असणार, तुम्ही पळत आला असता तरी काही झालं नसतं. पण तिने चहा टाकला होता, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

“मग त्येचा आवाज नकोसा वाटायला पायजे का न्हाई?” सुरेखा म्हणाली. “दोन म्हैने वाटला बी. मंग सकाळी एवढं शांत असायचं हितं, की कान दुखायचे. माणसं आली दहाव्यापोतर, मंग येत न्हाईत, ज्याची त्याला कामं हायेत. एक दिवस चावी फिरवली. थोडा वेळ वाटतं, हायेत तिकडं शेडात. काय तरी करायलेत.”

वनमाला खाली बघून भाकरी मोडत राहिली. विकायला काढलेला ट्रॅक्टर आधी तापवून ठेवायचं असलं कारण सटवाला सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. तिला वाटलं.

ऊन शेडवरून पलीकडे गेलं तेव्हा तिने पुन्हा इंजिनाला हात लावला. गार होतं. रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी स्वच्छ, वर तेलाचा तवंग नाही. ऑईल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून बघितली. ऑईल काळं होतं पण पातळी बरोबर होती. मग ती गोणपाटावर बसली आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

“चावी डावीकडं धरून ठेवा जरा,” सुरेखा म्हणाली. “घाई केली की रुसतो.”

वनमालाने चावी डावीकडे धरून ठेवली, मनात दहा मोजले आणि मग उजवीकडे फिरवली. इंजिन लागलं. मागे पांढरा धूर पसरला, विरळ झाला आणि थोड्या वेळाने दिसेनासा झाला. ऑईलचं झाकण उघडून तिने वर तळहात धरला. थोडी गरम वाफ लागली, काळजी करण्यासारखी नाही. चांगलं इंजिन होतं. म्हातारं, पण चांगलं.

चालवून बघायला ती ट्रॅक्टर शेतात घेऊन गेली. सुरेखा बांधाने चालत आली. गिअर गुळगुळीत पडत होते, क्लच थोडा वर होता, ब्रेक एका बाजूला ओढत होते. गोणपाटाची सीट तिला नेमकी बसली. ज्वारी गुडघ्याएवढी आली होती, तिच्या कडेने ती शेवटपर्यंत गेली आणि वळून मधल्या मोकळ्या पट्ट्यात थांबली. हायड्रॉलिक बघायचं राहिलं होतं. त्यासाठी रोटर पूर्ण वर उचलायचा, इंजिन बंद करायचं, आणि रोटर वरच राहतो की खाली येतो ते बघत थांबायचं.

तिने रोटर उचलला. इंजिन चालूच ठेवून ती वाकून मागे बघत होती तेवढ्यात सुरेखा बांधावरून म्हणाली, “बंद करा बरं आधी.” तिचा आवाज वेगळाच आला. “चालू ठिवून उभा नका करू हितं.”

वनमालाने चावी फिरवली. एकदम शांत झालं. दूर कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती, तेवढीच.

“हितंच का?” तिने विचारलं.

सुरेखाने ज्वारीकडे हात केला. “तिथं. आता कळत बी न्हाई. बटईदारानं पेरलं, त्येला कसं न्हाई म्हनायचं.”

वनमाला खाली उतरली. ज्वारीत दोन पावलं गेली. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. हिरवी ताटं, सऱ्या, ढेकळं. ती उभी राहिली. रडू येईल असं वाटलं, पण ते आलं नाही. तरी तिला मागे वळता येईना. बराच वेळ ती तशीच राहिली असावी, कारण सुरेखा बांध उतरून तिच्या मागे येऊन थांबली होती.

“तुमी वळखत व्हता का त्येंना?”

वनमाला वळली. खोटं बोलायला अजून जागा होती. सटवाच्या ओळखीचे होते, बाजारात बघितलं होतं, काहीही सांगता आलं असतं.

“मी वनमाला,” ती म्हणाली.

सुरेखाने तिच्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग गळ्याकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. पदर तोंडावर धरला आणि तशीच उभी राहिली. ती ओरडेल, चालती हो म्हणेल, असं वनमालाला वाटलं आणि त्यासाठी ती तयारही होती.

“आमाला सांगितलं व्हतं,” सुरेखा शेवटी म्हणाली, “की तुमीच नांदायला येत न्हाईत म्हनून.”

“मी पिशवी भरून ठिवली व्हती. लई दिवस भरलेली व्हती.”

“मी एकोणीस वर्षांची व्हते. मला कुनी काय सांगनार.”

“व्हय,” वनमाला म्हणाली. “मी बी काय लई मोठी नव्हते.”

रोटर उचललेला तसाच लटकत होता. सुरेखा तिकडे बघत राहिली, मग तिने विचारलं, “गेलेलं कळलं तवा कुनी आलतं का तुमच्याकडं? बसायला?”

“न्हाई.”

“कुनीच न्हाई?”

“मी कुनाची कोन? कशाला येतेत.”

सुरेखाने तिचा हात धरला आणि तिला बांधापाशी नेलं. गुडघ्यावर भार देत आधी स्वतः बसली आणि हाताने शेजारची माती झाडून तिला जागा केली. “बसा,” म्हणाली.

वनमाला बसली. कुणाच्या घरी माणूस गेलं की बाया येऊन बसतात, पहिल्यांदा काही बोलत नाहीत, नुसत्या बसतात, तशा त्या बसल्या. वनमालाने पदर डोळ्यांना लावला. रडणं मोठं नव्हतं, हुंदकेही नव्हते. पाणी येत राहिलं आणि ती पुसत राहिली. सुरेखा रडली नाही. तिचं रडून झालं होतं, आज तिची पाळी नव्हती. ती शेजारी बसून राहिली, मधूनच तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि काढून घ्यायची.

वनमालाने मान वर केली तेव्हा रोटर निम्म्यावर उतरला होता.

“हायड्रॉलिक धरत न्हाई,” ती म्हणाली.

“त्येंनी बी म्हनलं व्हतं. दुरुस्त करायचा ऱ्हाऊन गेला.”

घरी परतल्यावर सुरेखाने पुन्हा चहा केला. मग ती म्हणाली, ट्रॅक्टर तसाच घेऊन जा, मला पैसे नकोत. तुमचाबी हक्क हाय त्याच्यावर, माझ्याहून आधीचा. ती मनापासून म्हणत होती, त्यात उपकाराची भाषा नव्हती. पण वनमालाने कप खाली ठेवला.

“फुकट नेला तर मला त्याच्यावर बसता यायचं न्हाई,” ती म्हणाली. “जेवढं बिघडलंय तेवढंच कमी करा.”

मग ती कुठल्याही गिऱ्हाइकासारखी बोलली. पुढच्या पिना, स्टेअरिंग, ब्रेक, हायड्रॉलिक, बॅटरी. सुरेखाही हळूहळू विकणाऱ्या बाईसारखी बोलायला लागली. टायर चांगले आहेत म्हणाली, इंजिनाचं नाव काढू नका म्हणाली. भाव ठरला. तो दोघींनाही रास्त वाटला. इसार म्हणून वनमालाने पिशवीतले पैसे काढून दिले, आणि चार दिवसांनी सटवाला घेऊन येते असं सांगून निघाली. सुरेखा रिक्षापर्यंत आली. काही बोलायचं आहे असं दोघींच्याही चेहऱ्यावर होतं, पण रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

परतीच्या एसटीत वनमालाच्या लक्षात आलं की तिने एक गोष्ट विचारलीच नाही. तो कधी माझं नाव काढायचा का? एवढ्या वर्षांत, एखाद्या वेळी तरी? दिवसभर दोघी बोलल्या, सुरेखाने त्याचं हसणं सांगितलं, मरण सांगितलं, आणि हे तेवढं राहिलं. फोनवर विचारायची ही गोष्ट नव्हती. ट्रॅक्टर न्यायला जाऊ तेव्हा विचारू, असं तिने ठरवलं. मधले दिवस तिने त्याच विचारात काढले. कसं विचारायचं, आधी काय बोलायचं. आणि समजा नाही म्हणाली तर? तर नाही. तेही कळलेलं बरं.

सटवाच्या मोटरसायकलवर मागे बसून ती गेली. लिंबापाशी उतरली तर दाराला कुलूप होतं. शेड उघडं होतं, ट्रॅक्टर धुऊन ठेवलेला होता. बटईदार शेतातून आला. बाई काल पुण्याला गेल्या, म्हणाला. मुलगी स्वतः न्यायला आली होती, सामान बांधून घेऊनच गेली. चावी आणि मुलीने सही केलेले कागद त्याच्याकडे ठेवले होते. उरलेले पैसे त्याच्याकडेच द्यायला सांगितलं होतं.

“माझ्यासाठी काय निरोप?” वनमालाने विचारलं.

तो आठवून बघू लागला. “न्हाई बा,” म्हणाला. “तसं काय म्हनल्या न्हाईत. लई रडत व्हत्या जाताना. गुडघ्यामुळं गाडीत चढता येईना त्येंना.”

तिने पैसे मोजून दिले. इंजिनाला हात लावून बघितला, गार होतं. सटवाने खाली वाकून, कान लावून, झाकणं उघडून सगळं तपासलं आणि मान डोलावली. सौदा चांगला झाला म्हणाला. पिना तो दोन दिवसांत बदलून देणार होता, हायड्रॉलिकला पुढचा आठवडा.

ट्रॅक्टर तिनेच चालवत नेला. सटवा मोटरसायकलवर पुढे निघून जायचा आणि फाट्यावर थांबून वाट बघायचा. सावकाश जाणारं ते यंत्र घेऊन ती रस्त्याच्या कडेकडेने चालली होती. ट्रक मागून हॉर्न देत पुढे जात होते. वाटेतल्या वस्त्यांवर दारं बंद होती, अंगणात कोंबड्या, एखादी म्हातारी दोन्ही हात कपाळावर धरून कोण चाललंय ते बघायची. पिशवीत फोन होता आणि त्यात सुरेखाचा नंबर होता. तिने एकदा थांबून तो लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. कदाचित फोन जवळ नसेल, कदाचित पोरीच्या घरी आल्या-गेल्यांत असेल. परत लावावा का ते तिला कळेना. ती पुन्हा गोणपाटावर बसली.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. अर्जुनराव बागेच्या तोंडाशी आला. ट्रॅक्टरभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली, बोनेटवर थाप मारली. लहान आहे पण कामाचा आहे म्हणाला. सीताफळाच्या ओळीत घालून बघ म्हणाला. तिने घातला. फांद्या दोन्ही बाजूंनी अंगाला घासत गेल्या, एकही मोडली नाही. ती ओळीच्या टोकाला जाऊन वळली आणि माघारी आली तेव्हा तो अजून तिथेच उभा होता.

“चांगला ठेवलाय,” तो म्हणाला. “कुनाचा व्हता?”

वनमालाने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“लिंबागणेशच्या एका बाईचा,” ती म्हणाली, आणि धुवायला पाणी आणण्यासाठी हौदाकडे गेली.